गाडीची खराब झालेली बॅटरी घरी दुरुस्त होते का?

शिकाऊ_चालक

नमस्कार मंडळी,

गाडी बरेच दिवस जागेवर उभी होती. किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण सेल्फ मारला की ते मंदावतात आणि बॉनेटखालून नुसती टकटक ऐकू येते. बॅटरी साध्या प्रकारची आहे, वर सहा झाकणं आहेत आणि ती फिरवून उघडता येतात. वय चार वर्षांच्या पुढे. मल्टिमीटर १०.३ व्होल्ट दाखवतो. बाहेरून कुठे फुगलेली नाही, तडा नाही, गळती नाही.

व्हिडिओत लोक बॅटरी उघडतात, कसली तरी पावडर टाकतात, जुनं ॲसिड ओतून नवं भरतात आणि शेवटी गाडी सुरू करून दाखवतात. यात खरं किती? घरी काय काय करता येतं आणि कुठे हात आवरायचा? माझ्याकडे मल्टिमीटर आहे, चार्जर आहे, वेळ आहे. नवी बॅटरी घ्यावीच लागली तर घेईन, पण चालू शकणारी वस्तू नीट न तपासता भंगारात जाऊ नये असं फार वाटतं.

कोपऱ्यावरचा

जंपर केबल लावून गाडी सुरू करा आणि तासभर फिरवून आणा. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, बॅटरी भरून देतो. उघडाउघड करायची गरजच पडत नाही.

पाना_नंबर_दहा

कोपऱ्यावरचा, इथे असहमत. अल्टरनेटरचं काम म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं. पार उतरलेल्या बॅटरीला तासाभरात अर्धवटच चार्ज मिळतो, त्यात एसी आणि दिवे चालू असले तर आणखी कमी. शिवाय रिकामी बॅटरी भरमसाट करंट ओढते आणि तो सगळा ताण अल्टरनेटरवर येतो. वाटेत अडकलेली गाडी घरी आणायला जंप स्टार्ट ठीक आहे, पण तो उपचार नव्हे.

धागाकर्ते, मी तुमच्या १०.३ या आकड्यापाशी थांबलो. बॅटरीत सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. सहा मिळून १२.६, म्हणजे भरलेली बॅटरी. एक सेल आतल्या आत शॉर्ट झाला तर उरले पाच, त्यांची बेरीज १०.५. ते पाच थोडे उतरलेले असले की बरोबर १०.३ च्या आसपास आकडा येतो. त्यामुळे मला एक सेल गेल्याचा संशय आहे. तसं असेल तर घरची दुरुस्ती विसरायची.

उत्तरा

पाना, नुसत्या एका आकड्यावरून सेल गेला म्हणायचं? आमच्या दिरांच्या गाडीचे हेडलाइट रात्रभर चालू राहिले होते, सकाळी बॅटरी ११ च्याही खाली. चार्जरला लावली आणि ती अजून व्यवस्थित चालते आहे. त्या दिवशी तिचाही आकडा असाच घाबरवणारा होता.

पाना_नंबर_दहा

उत्तराताई, बरोबर आहे, म्हणून मी संशय म्हटलं, निदान नाही. सहाही सेल पार उतरले तरी असा आकडा येतो आणि पाच चांगले, एक मेलेला असला तरी येतो. पूर्ण चार्ज करून, मुरू देऊन, मग मोजल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवा. पॉझिटिव्हला लावलेला पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला आणि निगेटिव्ह अजून जोडलेला असला, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून धावतात, पाना लाल होतो. निगेटिव्ह आधी सुटला असेल तर पाना कुठेही टेकू दे, काही होत नाही. बसवताना उलट, पॉझिटिव्ह आधी.

चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका ठेवा. बॅटरीवर क्षमता एएच (अँपिअर-तास) मध्ये लिहिलेली असते, ४५ एएच असेल तर साडेचार अँपिअर. पार रिकामी असेल तर दहा-बारा तास धरून चाला, जास्तही लागतील. मग चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा. चार्जरवरून उतरवल्या उतरवल्या मोजलं तर १३ च्या वर आकडा दिसतो, तो वरवरचा चार्ज असतो, त्याला भुलू नका. रात्रीनंतर १२.६ किंवा पुढे असेल तर पूर्ण भरली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. आणि पुरतं चार्जिंग होऊनही १०.५ च्या आसपासच अडकून राहिली तर मात्र माझा संशय खरा.

प्रयोगवही

चार्जर लावायच्या आधी एक पायरी राहिली. झाकणं उघडून टॉर्चच्या उजेडात आत बघा. काडेपेटी किंवा लायटर अजिबात नको. प्लेटा पाण्याच्या वर उघड्या पडल्या असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. वरच्या खुणेपर्यंत भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलं असेल तर ॲसिड झाकणातून बाहेर येतं.

नळाचं पाणी नको, गाळलेलंही नको, उकळलेलंही नको. त्यातले लोह, क्लोराइड वगैरे क्षार आतच राहतात, त्यांनी प्लेटा खराब होतात आणि बॅटरी बसल्या जागी उतरायला लागते. वरून ॲसिडही घालायचं नाही. बॅटरीतून उडून जातं ते फक्त पाणी, ॲसिड आतच असतं. भरपाई ज्याची झीज झाली त्याचीच करायची.

जुगाडू_राजा

एवढा खटाटोप कशाला. प्रत्येक सेलमध्ये ॲस्पिरिनच्या दोन गोळ्या टाका, चार्जरला लावा. आमच्या मामांनी केलं होतं, गाडी सुरू झाली होती. एप्सम सॉल्टनेही होतं म्हणतात.

प्रयोगवही

जुगाडू, गाडी सुरू झाली असेल, त्यावर माझा अविश्वास नाही. पण पुढे त्या बॅटरीचं काय झालं तेही विचारा मामांना.

ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटाइलसॅलिसिलिक ॲसिड. बॅटरीतल्या आम्लात ते फुटतं आणि त्यातून ॲसिटिक ॲसिड निघतं. ते शिशाला खातं. पॉझिटिव्ह प्लेटेचा लेप धरून ठेवणाऱ्या शिशाच्या जाळीवर त्याचा मारा होतो, आतलं थोडं ताजं शिसं उघडं पडतं, दोन-चार दिवस जोर आल्यासारखा वाटतो आणि जाळी मात्र कायमची बारीक होते. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते ॲस्पिरिनइतकं विध्वंसक नाही, पण प्लेटेवरचं कडक झालेलं सल्फेट त्याने निघत नाही.

आत काय बिघडतं ते समजलं की हे उपाय का चालत नाहीत ते आपोआप कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भरलेल्या बॅटरीत एका प्लेटेवर लेड डायऑक्साइड असतं, दुसरीवर सच्छिद्र शिसं, आणि मध्ये पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. वीज ओढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज केलं की उलट होतं, सल्फेट परत ॲसिडमध्ये जातं. ताजं सल्फेट बारीक कणांचं असतं, ते सहज परततं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की त्या कणांचे मोठे, कठीण स्फटिक होतात, त्यांतून वीज नीट जात नाही आणि ते विरघळायला तयार नसतात. याला सल्फेशन म्हणतात. ते हलकं असेल तर घरी थोडंफार मागे आणता येतं. जाळी गंजणं, प्लेटेवरचा लेप झडून तळाला गाळ साचणं, आतली जोडणी तुटणं हे बाकीचे आजार घरी बरे होत नाहीत.

निळी_शाई

आणि ॲसिड बदलणं? धागाकर्त्यांनी तेही विचारलं आहे. तसले व्हिडिओ मीही पाहिलेत.

प्रयोगवही

त्याने सगळ्यांत जास्त नुकसान होतं आणि त्याच्यावर लोकांचा विश्वासही सगळ्यांत जास्त बसतो. उतरलेल्या बॅटरीचं ॲसिड पातळ असतं, कारण त्यातलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसलेलं असतं. ते ओतून जोरकस ॲसिड भरलं की हायड्रोमीटरचा (ॲसिडची घनता मोजणारी नळी) आकडा वर चढतो आणि बॅटरी भरल्याचा भास होतो. प्लेटा तशाच. वर, पुढे चार्ज करताना प्लेटांवरचं सल्फेट सुटून त्या नव्या ॲसिडमध्ये मिसळतं, मग ते प्रमाणाबाहेर तीव्र होऊन जाळी आणि मधले पडदे खातं.

आणखी एक. बॅटरी उलटी केली की तळाशी निवांत बसलेला गाळ उठतो आणि प्लेटांच्या मध्ये अडकतो. त्या गाळातून वीज वाहते. म्हणजे चांगले सेल आपण आपल्या हाताने शॉर्ट करतो.

चाकोरी

पूर्णपणे सहमत. प्रयोगवही, असं समजावणारे शिक्षक शाळेत मिळायला हवे होते.

सावधान_मी

सगळ्यांना कळकळीची विनंती, सुरक्षेचं आधी वाचा आणि मगच पान्याला हात लावा.

चार्ज होताना, विशेषतः शेवटी शेवटी, बॅटरीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी ठिणगीने पेटतो, इतका मोठा पट्टा फार थोड्या वायूंचा असतो. माझ्या ओळखीच्या एका कारागिराने चार्जर चालू असतानाच चिमटा ओढला. इवलीशी ठिणगी पडली आणि बॅटरीचं वरचं झाकण फुटून ॲसिड उडालं. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून डोळे वाचले, पण मानेवरचा डाग अजून आहे. म्हणून आधी चिमटे लावायचे, मग चार्जरचं बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. जागा मोकळ्या हवेची हवी, बंद खोली किंवा झोपायची जागा नको.

हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल. अंगठी, बांगड्या, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. सुती कपड्यांवर ॲसिडचा थेंब पडला तर तेव्हा काही दिसत नाही, पुढच्या धुण्याला भोकं पडतात. ॲसिड डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा उघडा धरून धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा, सोडा वगैरे डोळ्यात घालू नका. मुलं आणि पाळीव प्राणी त्या जागेच्या आसपास फिरकू देऊ नका. काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाजवळ नेऊ नका, कारण शिशाची भुकटी दिसतही नाही.

रानवारा

थोडं वेगळं विचारते, धागाकर्त्यांनी रागावू नये. माझ्या गाडीतही तशीच टकटक आहे, पण मीटरवर १२.५ दिसतात. पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरट हिरवा थर चढलाय, बोटाने दाबला तर भुसभुशीत लागतो. बॅटरी बदलायला सांगताहेत.

पाना_नंबर_दहा

रानवाराताई, थांबा, बदलू नका. १२.५ असूनही सेल्फ फिरत नाही आणि थर चढलाय, म्हणजे बॅटरीत वीज आहे पण ती बाहेर पडताना अडते आहे, असं दिसतं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, दुसरं त्याच खुंटावर बसलेल्या क्लॅम्पच्या धातूवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. दोन्ही टोकं एकाच जोडावर आहेत, तेव्हा आकडा शून्याला चिकटून राहायला हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज त्या जोडातच वाया जातंय. निगेटिव्हलाही तसंच करा. सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर लागतात, तिथे एवढासा अडथळाही गाडी थांबवतो.

साफ करायला दोन्ही क्लॅम्प काढा (निगेटिव्ह आधी), बॅटरीची झाकणं घट्ट बंद आहेत ना ते बघा, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून थरावर हळूहळू ओता. फसफसायचं थांबलं की साध्या पाण्याने धुवा, कोरडं पुसा, मग तारेच्या ब्रशने खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाकेपर्यंत घासा. सोड्याचं पाणी सेलच्या आत गेलं तर तिथलं ॲसिड मारलं जातं, म्हणून झाकणांचं सांगितलं. क्लॅम्प घट्ट बसवल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

जुना_मिस्त्री

धागा वाचून हुरूप आला म्हणून लिहितो. बॅटरी खरोखर उघडून दुरुस्त करायचे दिवस मी पाहिलेत. तेव्हा बॅटरीची पेटी कडक काळ्या रबराची असायची, प्रत्येक सेलला वेगळं झाकण, ते डांबराने बसवलेलं आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या दिसायच्या. त्यामुळे कोणता सेल गेला ते मीटरची दोन टोकं पट्ट्यांवर ठेवून तिथल्या तिथे कळायचं. डांबर गरम करून सोडवायचं, पट्टी कापायची, प्लेटांचा गठ्ठा उचलून बाहेर काढायचा, मधले पडदे बदलायचे किंवा नवा गठ्ठा बसवायचा, पट्टी पुन्हा शिशाने जोडायची. बॅटरी परत वर्ष-दीड वर्ष चालायची.

आताच्या बॅटरीची पेटी पॉलिप्रॉपिलिनची असते, झाकण गरम करून पेटीला कायमचं जोडलेलं आणि सेलची जोडणी आतल्या भिंतीतून आरपार गेलेली. झाकण कापलं तर परत तसं बंद होत नाही आणि एका सेलपुरती जोडणी तोडताही येत नाही. त्यावर साधा इपॉक्सीही धरत नाही, चार दिवसांत सुटतो. म्हणून पेटीला तडा गेलेली बॅटरी मी हातात घेत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. आणि त्या जुन्या कामाची किंमत आम्ही शरीराने मोजली आहे. वितळत्या शिशाचा धूर नाकात गेला, कित्येकांना पोटाचे आणि सांध्यांचे विकार जडले. ते काम घरोघरी होत नाही हे बरंच आहे.

चाकोरी

मिस्त्रीकाका, तुमच्या आठवणींचा वेगळा धागा हवाच. प्लीज काढा.

कोपऱ्यावरचा

मिस्त्रीकाका, फार छान लिहिलंत. माझी भर: शिसे-आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ आला, तोवर गाडी हँडल मारून सुरू करत. मूळ रसायन आजही तेच आहे. मला या यंत्राबद्दल मनापासून आदर वाटतो.

धीमी_आच

सल्फेशनवर कुणी पल्स चार्जर वापरलाय का? ‘डिसल्फेटर’ म्हणून विकतात. माझा अनुभव चांगला आहे. १२.१ ला अडकलेली बॅटरी बरेच दिवस लावून ठेवल्यावर १२.६ ला आली.

पाना_नंबर_दहा

बॅटरी सावरली असेल, पण श्रेय पल्सचं की इतके दिवस सावकाश चार्ज होण्याचं, हे मला ठरवता येत नाही. हलक्या सल्फेशनच्या बॅटऱ्या साध्या चार्जरवर एक-दोन अँपिअरने दोन दिवस ठेवून सावरलेल्या मी पाहिल्यात.

धीमी_आच

दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून तुलना मी केलेली नाही, हे खरं. पण माझ्या बॅटरीवर साधा चार्जर आधी लावून झाला होता आणि ती हलली नव्हती. म्हणून माझं मत कायम.

निळी_शाई

व्होल्टेज परत आलं म्हणजे क्षमता परत आली असं नसतं, हे इथे नोंदवायला हवं. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ ला कोसळू शकते. सेल्फ फिरत असताना मीटर लावून बघा. साधारण उबदार हवेत आकडा ९.६ च्या खाली जायला लागला की ती बॅटरी थकली. धीमी_आच, तुमचीवर हे करून सांगाल का?

धीमी_आच

चांगली सूचना. करून सांगते.

रानवारा

पाना, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. पॉझिटिव्हच्या जोडावर १.४ व्होल्ट! सोड्याचं पाणी ओतलं तर भसाभस फेस आला, खाली क्लॅम्पची आतली बाजू काळी पडलेली होती. घासून चकचकीत केली, घट्ट आवळली, पहिल्याच सेल्फला गाडी सुरू. आता त्या जोडावर ०.०४. बॅटरी बदलायचं रद्द. किती आभार मानू?

सावधान_मी

वा! हे वाचून समाधान वाटलं.

धीमी_आच

निळी_शाई, मोजलं. सेल्फ फिरताना १०.२ च्या खाली गेली नाही.

निळी_शाई

मग तुमची बॅटरी खरंच सावरली आहे. अभिनंदन.

शिकाऊ_चालक

मंडळी, सगळे प्रतिसाद नीट वाचून काम केलं. गॅलरीत, गॉगल आणि मोजे घालून.

झाकणं उघडली तर चार सेलमध्ये प्लेटा बुडालेल्या, दोन सेलमध्ये टोकं उघडी. त्या दोन्हींत बुडण्यापुरतं डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि साडेचार अँपिअरवर चार्जर लावला. शेवटी शेवटी पाच सेलमध्ये बारीक बुडबुडे येत होते. तिसऱ्यात एकही नाही, पाणी जागचं हललं नाही. चार्जर ‘पूर्ण’ दाखवेचना आणि पेटी कोमट लागायला लागली तेव्हा मी बंद केला. रात्रभर ठेवून सकाळी मोजलं तर १०.६.

मग हायड्रोमीटर आणला. पहिला १.२६५, दुसरा १.२६०, तिसरा १.१३०, चौथा १.२६५, पाचवा १.२६०, सहावा १.२५५. तिसऱ्या सेलमधून नळीत आलेलं ॲसिड गढूळ तपकिरी होतं, बाकीच्यांत स्वच्छ.

प्रयोगवही

किती नेटकं काम केलंत! आता तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. ॲसिडच्या घनतेत ०.८४ मिळवले की त्या सेलचे व्होल्ट अंदाजे मिळतात. तिसरा वगळून पाच सेलची बेरीज करा, साधारण १०.५ येते. मीटरवर १०.६. म्हणजे तिसऱ्या सेलच्या वाट्याला जेमतेम ०.१ व्होल्ट आला. तो शॉर्ट आहे. सेलसेलमधला फरक ०.०५० च्या पुढे गेला तर बॅटरी गेली असं समजतात, तुमचा ०.१३५ आहे. तपकिरी रंग पॉझिटिव्ह प्लेटेवरून झडलेल्या लेड डायऑक्साइडचा.

पाना_नंबर_दहा

म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर तुम्हीच मोजून काढलंत, ही बॅटरी घरी दुरुस्त होणार नाही. चार्जर बंद केलात तेही योग्य. १४.४ व्होल्टचा चार्जर सहा सेलना प्रत्येकी २.४ देतो. पाचच जिवंत असले तर त्याच पाचांवर प्रत्येकी जवळजवळ २.९ येतात. मग ते उकळल्यासारखे फसफसतात, पेटी तापते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. गाडीत बसवून फिरवली तर अल्टरनेटर हेच करेल. म्हणून जंप स्टार्ट देऊन देऊन ही वापरू नका.

रिकामी करू नका, पाणी-ॲसिड सकट सरळ उभी नेऊन बॅटरी घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या. त्यातलं शिसं जवळजवळ सगळं परत वापरात येतं. ॲसिड मोरीत किंवा मातीत ओतायचं नाही, सोडा टाकून मारलेलंही नाही, कारण शिसं त्यात राहतंच.

शिकाऊ_चालक

देतो. वाईट वाटलं, पण आता मनात किंतु नाही. नवी बसवण्याआधी काही बघून ठेवायला हवं का? गाडी उभी राहिली म्हणून एवढं व्हावं?

उत्तरा

हेच विचारणार होते. नुसती उभी राहून चांगली बॅटरी इतकी उतरत नाही.

पाना_नंबर_दहा

नवी बसवली की लगेच दोन गोष्टी मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. कमी आला तर अल्टरनेटर किंवा पट्टा बघा, १५ च्या जवळ गेला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर.

दुसरं म्हणजे गाडी बंद असताना होणारी गळती. निगेटिव्ह क्लॅम्प काढून खुंट आणि क्लॅम्प यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या जागी लावा. दारं बंद, किल्ली लांब. गाडीतली नियंत्रणं झोपी जायला अर्धा तास देखील लागतो, तोवरचा आकडा धरू नका. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच, ४५ एएचची बॅटरी अर्धी व्हायला अडीच आठवड्यांच्या वर लागतात. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल त्याच वाटेने वीज गळतेय.

वाटसरू_९

माझी गाडी सिग्नलला आपोआप बंद होणारी आहे, बॅटरी एजीएम (ॲसिड आतल्या काचतंतूंच्या चटईत शोषलेलं, सीलबंद), झाकणं नाहीत. यातलं मला काय लागू?

पाना_नंबर_दहा

टर्मिनलची सफाई, व्होल्टेज मोजणं आणि गळती शोधणं हे सगळं लागू. पाणी घालणं नाही, ती उघडायचीच नाही. चार्जरवर एजीएमचा पर्याय असला तर तोच निवडा. बदलायची वेळ आली तर एजीएमच्या जागी एजीएमच घाला, आणि पुष्कळ गाड्यांत नवी बॅटरी गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर तो जुनी समजूनच चार्ज करत राहतो. विजेवर चालणारी गाडी असेल तर तिच्या मोठ्या बॅटरीला घरी हातच लावायचा नाही, तिथे शेकडो व्होल्ट असतात.

शिकाऊ_चालक

नवी बसवली. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक. पण बंद गाडीत अर्ध्या तासानंतरही २८० मिलिअँपिअर! फ्यूज काढत गेलो, आतल्या दिव्यांचा काढला आणि आकडा ३० वर आला. दिवे तर बंद होते. वायर चाचपत गेलो तर गाडी घेतानाच बसवून मिळालेल्या समोरच्या कॅमेऱ्याची वायर त्याच फ्यूजला जोडलेली निघाली. म्हणजे गाडी बंद असली तरी कॅमेरा चालूच.

प्रयोगवही

दिवसाला पावणेसात एएच. आठवड्याभरात ४५ एएचची बॅटरी रिकामी. आणि सेल्फची बॅटरी पुनःपुन्हा तळापर्यंत उतरली की पॉझिटिव्हचा लेप झडतोच. तुमच्या तिसऱ्या सेलमधला तपकिरी गाळ बहुतेक त्यातूनच आला.

शिकाऊ_चालक

पटलं. कॅमेरा आता कुठे जोडू?

पाना_नंबर_दहा

किल्ली चालू केल्यावरच ज्यात वीज येते अशा फ्यूजवर न्या. मल्टिमीटरने आधी खात्री करा, किल्ली बंद असताना तिथे शून्य हवं. कॅमेऱ्याच्या वायरला वेगळा छोटा फ्यूज घाला आणि काम झाल्यावर गळती पुन्हा मोजून इथे आकडा टाका.